पश्चिमेच्या खिडकीला झिलमिल करून घ्यायचीय, आतून लावू की बाहेरून?

शेवंती, ३ मार्च, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बडोद्यात कारेलीबागेत आमचं जुनं घर आहे, खाली दोन खोल्या वर दोन, आणि वरची पश्चिमेची खोली सासूबाईंची. मागच्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळा छान आहे, पण उजेड बोचतो म्हणतात, दुपारी तीननंतर त्या खोलीत त्यांना बसवत नाही. पडदा ओढला की वारा बंद, उघडला की ऊन थेट पलंगावर, आणि एसी त्यांना सोसत नाही, गुडघे धरतात. म्हणून ती आडव्या फिरणाऱ्या पट्ट्यांची शटर असतात ना, प्लांटेशन शटर, ती लावायचं ठरवलंय. एका दुकानदाराने येऊन बघितलं, पांढऱ्या पीव्हीसीची, काचेच्या आतल्या बाजूने लावू म्हणाला, आठ दिवसांत काम होईल. आमचे सुथारकाका म्हणतात सागाची करा. मला दोन्हीतलं कळत नाही. कोणी लावली असतील तर सांगा, ॲडव्हान्स अजून दिलेला नाही.

घरटं, ३ मार्च, रात्री १०:४०

आमच्याकडे पीव्हीसीची आहेत, चार वर्षं झाली. ओल्या फडक्याने पुसता येतात, वाळवीची भीती नाही. फक्त पट्टीच्या आत ॲल्युमिनियमची पट्टी घातलेली आहे का ते नक्की विचार, आमच्या हॉलच्या रुंद खिडकीत नुसत्या पीव्हीसीच्या होत्या त्यांना दोन उन्हाळ्यांत मधोमध झोळ आला, बंद केल्या तरी फटी दिसतात. पण आमची खिडकी उत्तरेची आहे, तुझ्यासारखं ऊन आमच्याकडे येतच नाही.

रावपुरा७२, ४ मार्च, सकाळी ७:०५

प्लांटेशन शटर हे नाव अमेरिकेच्या दक्षिणेत कापसा-उसाच्या मळ्यांवरची मोठी घरं होती त्यांच्यावरून आलंय. आपल्याकडे त्याला झिलमिल म्हणतात, आमच्या दांडियाबाजारच्या घराला रस्त्याच्या बाजूने सगळ्या खिडक्यांना होती, हिरव्या रंगाची. आजी दुपारी त्यातून बघायची कोण आलंय ते, तिला खालचं सगळं दिसायचं पण खालच्याला ती दिसायची नाही. घर विकलं तेव्हा एक जोडी मी आणून ठेवलीय माळ्यावर. शेवंतीताई, बघायला हवी असेल तर या, सुथारकाकांनाही घेऊन या, नमुना हातात असला की त्यांना समजावत बसावं लागणार नाही.

ओळंबा, ४ मार्च, दुपारी १२:३०

शेवंती, ॲडव्हान्स दिला नाहीस हे फार बरं केलंस. थोडं सविस्तर लिहितो, लाकूडकामात माझी तीस वर्षं गेली आहेत आणि पश्चिमेच्या खिडकीचा हा घोळ मी खूप घरांत बघितलाय.

साग का पीव्हीसी हे नंतर. आधी झिलमिल काचेच्या आत का बाहेर हे ठरव. ऊन एकदा काचेतून आत आलं की ते घरात आलं. आतल्या पट्ट्या ते अडवतात खरं पण त्या स्वतः तापतात आणि तीच उष्णता खोलीत सोडत बसतात, पांढऱ्या असल्या तर थोडं ऊन काचेतून परत फेकतात, एवढंच. बाहेर लावलेली झिलमिल तापली तर बाहेरच्या हवेत तापते. सासूबाईंचा त्रास नुसता उजेडाचा असता तर आतून लावून भागलं असतं. खोली तापते आणि वाराही हवा म्हणतेस, म्हणजे बाहेरूनच.

खिडकीवर छज्जा असला तरी त्याच्यावर विसंबू नकोस. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो कारण उन्हाळ्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, बडोदं कर्कवृत्ताच्या थोडं खालीच आहे. पश्चिमेला गणित बदलतं. जूनमध्ये चार वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण ४३ अंशांवर असतो, दोन फुटांच्या छज्जाची सावली खिडकीवर जेमतेम दोन फूट उतरते, आणि साडेपाचला सूर्य २३-२४ अंशांवर येतो तेव्हा ती सावली दहा इंचांवर येते, खालची सगळी खिडकी उघडी. त्यात उन्हाळ्यात सूर्य ऐन पश्चिमेला मावळत नाही, वायव्येकडे सरकलेला असतो, तेव्हा ऊन तिरकंही येतं. पट्ट्या फिरणाऱ्याच हव्यात, ठोकून बसवलेल्या नकोत, कारण चारला ज्या कोनात चालतं ते साडेपाचला चालत नाही.

आता माप. टेपने रुंदी तीन ठिकाणी घे, वर, मधे, खाली. उंचीही तीन ठिकाणी. मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं. ही दोन सारखी आली तर खिडकी गुण्यात आहे, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत. काम सगळ्यात लहान मापावर करायचं. भिंत किती जाड आहे, ग्रिल भिंतीत कुठे बसलंय, स्लायडिंगचा ट्रॅक कुठे आहे तेही लिहून काढ आणि इथे टाक.

शेवंती, ४ मार्च, रात्री ९:५०

काका, इतकं कोणी समजावून सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. मापं घेतली, मुलाने टेप धरली. रुंदी वर ४८ इंच, मधे ४७ इंच ७ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), खाली ४८ इंच १ सूत. उंची ५४, एका बाजूला दोन सूत कमी. तिरक्या मापांत तीन सुतांचा फरक आला. भिंत नऊ इंची, आतल्या बाजूला स्लायडिंग, मधे ग्रिल, आणि ग्रिलच्या बाहेर साडेचार इंच जागा आहे. ग्रिल फुलाफुलांचं आहे, त्यातून माझा हात जात नाही. मग बाहेरच्या पट्ट्या फिरवणार कशा?

ओळंबा, ४ मार्च, रात्री १०:२५

तीन सूत म्हणजे जुन्या घराच्या मानाने काहीच नाही. झिलमिल थेट भिंतीला लावू नका, आधी लाकडाची चौकट ओळंब्यात उभी करा, पाचरी मारून, मग भिंतीतलं वाकडेपण त्या फटीत जिरतं आणि फट भरून टाकता येते. झडपा चौकटीवर.

ग्रिल मात्र बदलावं लागेल. जुन्या घरांतून सरळ उभे गज असायचे, त्यातून हात घालून झिलमिलीची दांडी वरखाली करायची. चार इंच मोकळी जागा ठेवून सरळ गज बसवून घे. तीन इंची पट्टी सपाट केली, म्हणजे पूर्ण उघडली, की झडपेच्या दोन्ही बाजूंना साधारण सात सात सूत बाहेर येते, त्यावर दांडी, तेव्हा ग्रिल आणि झडपेत दोन इंच तरी ठेव नाहीतर पट्टी गजावर आपटेल. तुझ्याकडे साडेचार आहे, पुरेसं आहे.

विश्वामित्रीकाठी, ५ मार्च, सकाळी ८:२०

एक विनंती, कोणी कितीही सांगितलं तरी एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची, घेऊ नका. आमची होती, वरून पांढरा फिल्म चिकटवलेला, दिसायला फार सुंदर. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या तळमजल्यात कंबरेएवढं पाणी होतं, ते ओसरल्यावर बघतो तर खालच्या आडव्या पट्ट्या फुगून दुप्पट झाल्या होत्या, बोटाने दाबलं की भुसा निघत होता. आणि जी पाण्यात बुडली नव्हती, वरच्या मजल्यावरची, त्यांचीही टोकं नुसत्या दमट हवेने दोन महिन्यांत फुलली. त्याच घरात आजोबांचा सागाचा देव्हारा होता, तो पाण्यात तरंगून दुसऱ्या खोलीत गेला होता, धुतला, सावलीत वाळवला, आज त्यात रोज दिवा लागतो.

ग्वाल्हेरी, ५ मार्च, दुपारी ३:१५

आमच्या ग्वाल्हेरचा अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे मे महिन्यात लू चालते, तेव्हा दुपारी वारा आत घेणं म्हणजे भट्टीचं तोंड उघडणं. दिवसभर झिलमिल घट्ट बंद, वर खसाची टट्टी, म्हणजे वाळ्याचा पडदा, भिजवून, आणि रात्री सगळं सताड उघडं. त्यामुळे पट्ट्या बंद झाल्यावर एकमेकींवर नीट चढल्या पाहिजेत, नुसत्या टोकाला टोक भिडणाऱ्या नकोत. निदान दोन सूत चढण ठेवा.

शेवंती, ५ मार्च, रात्री ११:०५

ग्वाल्हेरी दादा, आमच्याकडेही एप्रिल-मेत दुपारी बंदच ठेवावी लागेल, पण संध्याकाळी सहानंतर बडोद्यात नैऋत्येकडून छान वारा सुटतो, तो सासूबाईंना हवा असतो. चढणीचं सुथारकाकांना सांगते.

आज आम्ही दोघं रावपुरा७२ दादांकडे जाऊन ती जुनी जोडी बघून आलो. त्याबद्दल लिहायलाच हवं. माळ्यावरून काढली तेव्हा धुळीने राखाडी झाली होती, ओल्या फडक्याने पुसल्यावर खाली तीन रंग दिसले, वर हिरवा, मग चॉकलेटी, आणि अगदी आत निळा. सुथारकाकांनी दांडी धरून वर केली तर सगळ्या पट्ट्या एकदम फिरल्या, कुठे कुरकुर नाही. मग त्यांनी एक उभी पट्टी सैल करून मधली एक पट्टी बाहेर काढून दाखवली. दोन्ही टोकांना लाकडाचं गोल कुसू, पट्टीतूनच कोरून काढलेलं, वेगळं ठोकलेलं नाही, करंगळीच्या टोकाएवढं, आणि इतकी वर्षं फिरून फिरून ते काचेसारखं गुळगुळीत झालेलं. भोकात काळसर काहीतरी होतं, काकांनी नखाने काढून वास घेतला, म्हणाले मेण आहे. दांडीवर एका ठिकाणी, साधारण बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला, रंग पूर्ण गेलेला आणि लाकूड खोलगट झालेलं. दादा म्हणाले, आजी तिथे धरायची.

सुथारकाका बराच वेळ ती पट्टी हातात धरून होते. मग म्हणाले, बेन, आवुंज करीए. असंच करू या. दुकानदाराला मी फोन करून नाही सांगून टाकलं.

ओळंबा, ६ मार्च, सकाळी ९:४०

वा! ठरलं म्हणजे मग काम आत्ताच काढा, मार्च-एप्रिलमध्ये. या दिवसांत लाकूड कोरडं, आकसलेलं असतं. आत्ता प्रत्येक पट्टीच्या टोकाला अर्धं सूत फट ठेवली की पावसाळ्यात फुगून ती पाव होईल आणि पट्टी फिरत राहील. पावसाळ्यात घट्ट बसवून केलेलं काम डिसेंबरात खुळखुळतं.

साग वलसाडचा मिळाला तर उत्तम, मुरलेला घ्या. लक्कडपीठ्यात जुन्या घरांच्या तुळया-खांबही मिळतात, तो साग कधीकधी नव्यापेक्षा चांगला, फक्त कापायच्या आधी एकेक खिळा शोधून काढा. शिवणही पट्ट्यांना चालते, हलकी असते आणि फार वाकत नाही, पण बाहेरच्या पावसात मी सागच घेईन.

तुझ्या मापावर हिशोब करून देतो. चौकट दोन दोन इंच गेली की झडपांना उंची ५० इंच आणि दोघींत मिळून रुंदी ४४, म्हणजे एकेक झडप २२ ची, यातून फिरायला लागणारी सूत-दीड सूत फट वजा. झडपेच्या सांगाड्याची, न फिरणारी, वरची आडवी पट्टी ४ इंच, खालची ५, मधे एक ३ इंचाची. राहिले ३८ इंच, १९ वर आणि १९ खाली. तीन इंची, तीन सूत जाडीच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांच्या मध्यांतलं अंतर पावणेतीनला किंचित कमी, म्हणजे प्रत्येक भागात सात पट्ट्या बसतील आणि ग्वाल्हेरी म्हणतात ती दोन सुतांची चढण आपोआप मिळेल. दोन झडपा मिळून २८ पट्ट्या, ५६ कुसवं. मधली आडवी पट्टी वाचवू नका, तिच्यामुळे झडप ताठ राहते आणि वरच्या-खालच्या पट्ट्यांना वेगळी दांडी देता येते, खालच्या बंद ठेवून वरच्या उघडल्या की पलंगावर ऊन नाही आणि खोलीत उजेड आहे.

वजन झडपेमागे आठ-नऊ किलो होईल, दोनाऐवजी तीन बिजागऱ्या, पितळी किंवा स्टेनलेस. लोखंडी नकोत, दोन पावसाळ्यांत गंज ओघळून भिंत खराब होते. आणि झडपा उघडल्यावर भिंतीला अडकवायला आकड्या. वळवाच्या वाऱ्यात मोकळी झडप भिंतीवर एकदा आपटली की सगळे सांधे हलतात.

रावपुरा७२, तुमची जुनी जोडी घासणार असाल तर कोरडी घासू नका. जुन्या रंगात शिसं असायचं, आपल्याकडे घरगुती रंगात ते ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवायचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालाय. पाणी लावून घासा, मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा.

नीलपंख, ६ मार्च, रात्री ८:००

वाचनखूण साठवली. दोन-तीन प्रश्न. कबुतरं बसणार नाहीत का? उत्तरायणात मांजा अडकला तर? आणि नवरात्रात आमच्या सोसायटीसमोर गरब्याचा आवाज रात्री बारापर्यंत असतो, तो कमी होईल का?

रावपुरा७२, ६ मार्च, रात्री ९:१५

आवाज अजिबात कमी होणार नाही, हवा जिथून येते तिथून आवाजही येतो, त्याला काचच बंद करावी लागते. कबुतरं सपाट उघड्या पट्टीवर बसतात, तिरकी ठेवली की पाय घसरतो, बसत नाहीत. आम्ही कधी सपाट ठेवायचोच नाही. मांजा अडकतो, दरवर्षी अडकायचा, पट्टी बंद-उघड करून ओढू नका, कात्रीने दोन्ही बाजूंनी कापून काढा, नाहीतर रंगावर खोल चीर पडते. जानेवारीत आठवडाभर झडपा भिंतीला अडकवूनच ठेवायचो.

घरटं, ७ मार्च, दुपारी १:३०

पुसायची युक्ती माझ्याकडून. जुना सुती मोजा हातात घालायचा, दोन बोटांच्या चिमटीत पट्टी धरून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ओढायचं, वरखाली दोन्ही बाजू एकदम स्वच्छ. बडोद्याच्या मे महिन्याच्या धुळीत आठवड्याला करावं लागतं.

शेवंती, २८ एप्रिल, रात्री १०:३०

बरेच दिवस लिहिलं नाही, काम चालू होतं. काल झिलमिल बसली.

साग लक्कडपीठ्यातूनच आणला, जुन्या तुळईचा. सुथारकाकांनी पट्ट्या कापून बारा दिवस आमच्या गच्चीवरच्या खोलीत मधे काड्या घालून रचून ठेवल्या, वाकायच्या त्या आत्ताच वाकू देत म्हणाले. त्यातल्या तीन खरंच वाकल्या, त्या बदलल्या. कुसवं आधी हाताने करायला घेतली, पण ५६ एकसारखी हवीत म्हणून मग खराद्याकडून, लेथवर, करून घेतली, पट्टीच्या टोकालाच गोल केलेली, वेगळी चिकटवलेली नाहीत. रंग आधी दिला आणि मग जुळवणी केली, कुसवांना आणि भोकांना रंग लागू दिला नाही, पांढरी मेणबत्ती घासली. पट्ट्यांच्या कापलेल्या टोकांना मात्र दोनदा प्रायमर पाजला, पाणी तिथूनच आत शिरतं असं काकांचं म्हणणं. खालच्या आडव्या पट्टीला तळाकडून एक बारीक खाच पाडलीय, पाणी आत न येता तिथेच गळून पडावं म्हणून. बाहेरून फिका क्रीम रंग, आतून सासूबाईंच्या आवडीचा पिस्ता.

बसवताना एक चूक झाली. चौकट ओळंब्यात उभी केली, सगळं बरोबर, पण डावी झडप बंद करताना खाली घासत होती. काका लगेच रंधा काढणार होते. मला इथलं वाचलेलं आठवलं, म्हटलं तिरकी मापं घेऊन बघू या आधी, तर चौकट पाचरी मारताना दीड सूत ओढली गेली होती. पाचर सैल केली, चौकट परत गुण्यात आली, झडप अलगद मिटली. रंधा मारला असता तर पावसाळ्यानंतर तिथे फट राहिली असती.

दुपारी चार वाजता सासूबाई आत येऊन पलंगावर बसल्या. खालच्या सात बंद, वरच्या अर्ध्या वळवलेल्या, त्यामुळे ऊन छताकडे जाऊन तिथून मऊ होऊन खाली येत होतं. काळा चष्मा त्यांनी काढून ठेवला. मग उठून गजांतून हात घालून दांडी स्वतः वरखाली करून बघितली, चार-पाच वेळा. त्यांच्या माहेरी इंदूरला राजवाड्याजवळच्या घरात अशीच होती म्हणे, मला लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि हे काल कळलं.

नीलपंख, २९ एप्रिल, सकाळी ७:४५

किती छान झालंय! खर्च किती आला सांगू शकाल का? आणि सुथारकाकांचा नंबर?

शेवंती, २९ एप्रिल, सकाळी ११:००

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पीव्हीसीच्या कोटेशनपेक्षा जास्तच आला, ग्रिल बदलायचा वेगळा.

ओळंबा, २९ एप्रिल, रात्री ९:१०

चौकटीची तिरकी मापं घेतलीस, शाबास पोरी. पहिल्या पावसानंतर कोणत्या पट्ट्या घट्ट होतात त्या खडूने खूण करून ठेव, लगेच घासू नकोस.

शेवंती, ११ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

काका, खूण केलीय. उजव्या झडपेतली खालून दुसरी आणि डावीतली वरून पाचवी, या दोनच जड झाल्यात, दांडी ओढली की शेवटी फिरतात. बाकी २६ मोकळ्या. जुलैत तीन दिवस सलग नैऋत्येकडून झोडपलं तेव्हा पट्ट्या बाहेरच्या बाजूला उतरत्या ठेवल्या होत्या, खिडकीची आतली पट्टी कोरडी राहिली, पाणी त्या खाचेतून थेंब थेंब बाहेर गळत होतं, मुलगा बोट लावून बघत बसला होता. या दोन पट्ट्यांना आत्ता नुसतं मेण लावू, की ऑक्टोबरपर्यंत तशाच राहू देऊ?

ओळंबा, ११ ऑगस्ट, रात्री ८:०५

राहू दे. दिवाळीच्या साफसफाईत आपोआप सुटतील. तेव्हाही जड राहिल्या तर टोकाला एकच हात पॉलिश पेपर मार, बारीक, आणि उघडं पडलेलं लाकूड त्याच दिवशी प्रायमरने बंद कर.